तळहातावरचं विमान

गेल्या वेळी आपण शिलाई मशीनच्या देखभालीवर बोललो. आजचा विषय जरा निराळा आहे. खऱ्या विमानाची मापात बसवलेली छोटी प्रतिकृती, प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून घरी बसून जोडायची, त्या कामाविषयी आज बोलू या. बाजारात याला स्केल मॉडेल किट म्हणतात. खोक्यात चाळीस-पन्नासपासून कधी शे-दोनशेपर्यंत तुकडे असतात, जोडणीची चित्रं असतात, बाकी सगळं आपल्या हातावर. हे विमान उडत नाही. पूर्ण झालं की कपाटात बसतं.

मग एवढा खटाटोप कशाला? हाच प्रश्न आमच्या एका गटाच्या बैठकीत आला. तिथल्या एका ताईंची मुलगी कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये आहे. तिला किट आणि थोडी हत्यारं घ्यायची होती, म्हणून ताईंनी अंतर्गत कर्जातून दीड हजार रुपये मागितले. कर्जाचं कारण लिहायची वेळ आली तशी चर्चा पेटली. एक मावशी म्हणाल्या, "खेळण्यासाठी कर्ज? उद्या भोवऱ्यासाठी पण द्याल!" विषय पुढच्या बैठकीवर ठेवला, आणि या कामात असतं तरी काय ते सांगायची जबाबदारी आमच्यावर आली. मुलीकडून आम्ही सगळं समजून घेतलं, दोन-तीन रविवार तिच्याशेजारी बसून पाहिलं, वाचलंही.

आधी माप समजून घेऊ. किटच्या खोक्यावर १/७२ किंवा १/४८ असा आकडा असतो. १/७२ म्हणजे खऱ्या विमानाचे ७२ इंच इथे एक इंच होतात. सहा फूट म्हणजे एक इंच, हिशोब सोपा. आपल्यासारखी पाच फुटी बाई त्या विमानाशेजारी उभी केली, तर ती पाऊण इंचाहून जराशीच उंच भरेल.

आपल्या भागातलंच उदाहरण घ्या. द्राक्षबागेत थिनिंग करताना वरून विमान गेलं की आपली कात्री थांबते. ओझरचा हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ साली मिग-२१ विमानं बनवण्यासाठी उभा राहिला. हवाई दलात १९६३ पासून असलेलं हे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झालं. २०१८ मध्ये अवनी चतुर्वेदी यांनी एकटीने लढाऊ विमान उडवलं, लढाऊ विमान एकटीने उडवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला, तेही मिग-२१च होतं. या विमानाची रुंदी पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे ७.१५ मीटर. ७२ने भागा. दहा सेंटीमीटरच्या आतबाहेर येते. लांबी साधारण वीतभर.

आता याच हिशोबाची दुसरी बाजू बघा. या प्रतिकृतीत एक मिलिमीटर चुकला, तर खऱ्या विमानात तो ७२ मिलिमीटर झाला, म्हणजे जवळजवळ चार बोटं. खऱ्या विमानाचा पंख चार बोटं वर-खाली बसलाय अशी कल्पना करा. म्हणून या कामात "एवढंसं चालतंय" म्हणता येत नाही. लांबून बघणाऱ्यालाही कळतं की काहीतरी तिरकं आहे, काय ते सांगता आलं नाही तरी.

एकेकाळी या अचूकपणावर माणसांचे जीव अवलंबून होते. दुसऱ्या महायुद्धात आकाशात दिसणारं विमान आपलं की शत्रूचं, हे क्षणात ओळखावं लागे. ओळख चुकली तर आपल्याच माणसांवर गोळी जायची. ती ओळख शिकवायला १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने शाळांमधल्या मुलामुलींकडून पाच लाख लाकडी नमुने करून मागितले, ते याच १/७२ मापात. ३५ फुटांवर टांगलेला नमुना पाहिला की सुमारे अडीच हजार फुटांवरचं खरं विमान जसं दिसेल तसा दिसतो. अर्थात नमुना मापात असेल तरच. पंख जाड झाला, शेपूट आखूड झाली, तर शिकणारा चुकीचंच विमान पाठ करणार.

प्लॅस्टिकच्या किटचा प्रसार झाला तो युद्धानंतर. त्यातली एअरफिक्स ही ब्रिटिश कंपनी आधी रबरी खेळणी करायची, मग १९४७ मध्ये तिने प्लॅस्टिक साच्यात ओतायचं मशीन घेतलं आणि त्यावर काय काढलं? केस विंचरायचे कंगवे. त्यानंतर फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या विक्रेत्यांना गिऱ्हाइकाला दाखवायला छोटा ट्रॅक्टर हवा होता, तो केला. जोडणीचं काम किचकट, म्हणून पुढे सुटे भागच विकायला सुरुवात झाली. विमानं त्याच्याही नंतर. आम्हाला ही गोष्ट फार आवडली. कंगवा, ट्रॅक्टर आणि मग विमान.

आता प्रत्यक्ष काम. खोकं उघडलं की तुकडे सुटे नसतात, प्लॅस्टिकच्या चौकटीला बारीक देठांनी लटकलेले असतात, घडाला मणी असतात तसे. चौकटी आधी साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन वाळवायच्या, कारण साच्याचं तेल राहिलं तर रंग धरत नाही. नवखी माणसं उत्साहात सगळे तुकडे तोडून ढीग करतात. तसं करू नये. नंबर चौकटीवर छापलेला असतो, तुकड्यावर नाही. तोडून टाकले की डावा कुठला, उजवा कुठला, हे शोधण्यातच दिवस जातो. ज्या पायरीला जो लागेल तोच काढायचा.

तोडायची रीतही आहे. देठ तुकड्याला लागून कापला तर प्लॅस्टिक खेचलं जाऊन खड्डा पडतो किंवा पांढरा डाग उठतो. म्हणून निपरने थोडा देठ ठेवून कापायचा, उरलेला पातळ ब्लेडने तासायचा, शेवटी बारीक पॉलिशपेपरने घासायचा. थिनिंगला कात्री लावताना शेजारच्या मण्याला टोक लागू नये म्हणून आपण हात जसा धरतो, तसाच इथे धरावा लागतो. हे पाहून आमच्यातल्या एकीने निपर हातात घेतला आणि पहिल्याच फटक्यात देठ नीट कापला. मुलगी बघतच राहिली.

यानंतरची पायरी सगळ्यात महत्त्वाची. बिनगोंदाची जुळणी. ब्लाउज शिवताना आपण आधी कच्चे टाके घालतो, अंगाला लावून बघतो, मगच पक्की शिलाई मारतो. तसंच. दोन्ही अर्धे भाग नुसते हाताने धरायचे, उजेडासमोर न्यायचे, फट कुठे आहे बघायची. कुठे तरी खुंटी जाड असते, कुठे साच्याची कड राहिलेली असते. घासायचं, पुन्हा जोडून बघायचं. एका जोडासाठी सात-आठ वेळा असं होतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, पोरगी नुसती बसली आहे. खरं काम तेव्हाच चाललेलं असतं.

आणि इथे एवढी काळजी का, तर इथला गोंद आपल्या ओळखीच्या गोंदासारखा नसतो. तो दोन तुकड्यांच्या मध्ये बसून राहत नाही. तो प्लॅस्टिकचा वरचा थर विरघळवतो, दोन्ही थर एकमेकांत मिसळतात आणि वाळल्यावर तो एकच तुकडा होतो. करंजीच्या कडेला दूध लावून दाबलं की वरची-खालची पारी एक होते, तसं. उसवायची सोय नाही. म्हणून आम्हाला या कामातला धीर म्हणजे नुसतं थांबणं वाटत नाही. कुठली पायरी मागे घेता येते आणि कुठली येत नाही, हे ओळखून दुसरीच्या आधी थांबणं, हा तो धीर.

विमानाचं धड बंद करणं ही अशी मागे न येणारी पायरी. धड डावं-उजवं अशा दोन फाकांत येतं. फाका चिकटवण्याआधी वैमानिकाची बसायची जागा रंगवून आत बसवलेली पाहिजे. आणि नाकात वजन घातलेलं पाहिजे. ज्या विमानांना नाकाखाली एक आणि मागे दोन चाकं असतात, त्यांचं प्लॅस्टिकचं नाक हलकं पडतं आणि पूर्ण झालेलं विमान शेपटीवर बसतं, नाक आभाळाकडे. म्हणून आत बारीक नट किंवा छर्रे चिकटवतात. किती, ते आधी तुकडे नुसते टेपने जोडून, मागच्या चाकांच्या जागी बोट धरून तोलून बघायचं. हे विसरून धड बंद केलं, तर नंतर कितीही हळहळलं तरी वजन आत घालायला वाट उरत नाही.

पंखांचं तसंच. पुष्कळ विमानांचे पंख टोकाकडे किंचित वर उचललेले असतात, मिग-२१चे उलट किंचित खाली झुकतात. दोन्हीकडचा कल सारखा हवा. मुलीची युक्ती अशी: विमान आलेखाच्या कागदावर ठेवायचं, समोरून डोळा टेबलाच्या पातळीवर आणून बघायचं, दोन्ही टोकांखाली काड्यापेट्या आणि जुने पत्ते यांचा सारख्या उंचीचा टेकू लावायचा आणि रात्रभर हात लावायचा नाही. गोंद वरून सुकलेला दिसतो, आत मऊच असतो. बोट लागलं तर बोटाचा ठसा प्लॅस्टिकमध्ये कायमचा उमटतो.

पुढचं थोडक्यात सांगतो. सांध्यात फट राहिली तर पुट्टी भरायची, गॅरेजवाले तिला लांबी म्हणतात. ती पूर्ण वाळू द्यायची आणि पॉलिशपेपर ओला करून घासायची, म्हणजे धूळ नाकात जात नाही. मग प्रायमर. तो राखाडी हात फिरला की लपलेली भेग उघडी पडते, पुन्हा भरा, पुन्हा घासा. मग रंगाचे पातळ हात, एक जाड हात नव्हे. वैमानिकावरची पारदर्शक काच मात्र त्या विरघळवणाऱ्या गोंदाने किंवा फेविक्विकने चिकटवू नये, वाफेने तिच्यावर पांढरं धुकं चढतं. तिथे आपलं साधं फेविकॉल उत्तम. खुणा आणि आकडे पाण्यात भिजवून सरकवायच्या चित्रांचे असतात. ती चकचकीत पृष्ठभागावर बसतात, खरखरीत रंगावर खाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात.

घरातल्या बायांनी एवढं मात्र ठाम सांगावं. हा गोंद पेट घेतो, त्याची वाफ डोक्यात जाते. चूल, गॅस, देवापुढचा दिवा यांच्यापासून लांब, खिडकी उघडी ठेवून काम करायचं. ब्लेड अंगाकडे ओढायचं नाही, वापरलेली ब्लेडं झाकणाच्या डबीत टाकायची. रांगतं मूल घरात असेल तर तुकडे उंचावर. बारीक तुकडा उडाला की सापडत नाही, म्हणून मुलगी मोठ्या परातीत काम करते. परातीची कड तुकडा अडवते. कुठल्या पुस्तकात ही युक्ती आम्हाला दिसली नाही.

आता कर्जाच्या कारणाविषयी. किट जोडलं म्हणून कोणी वैमानिक होत नाही, अशी आशा मुलीला दाखवू नये. पण एनसीसीच्या वायू सैनिक कॅम्पमध्ये एरोमॉडेलिंगच्या स्पर्धा असतात. तिथलं काम बरंचसं लाकडाचं आणि उडणाऱ्या विमानांचं असलं तरी मापाची नजर तीच लागते. आयटीआयला फिटर शिकणाऱ्या मुलामुलींना सुरुवातीला कानस चालवायलाच लावतात, मिलिमीटरच्या अंशापर्यंत. मुलगा गाडीचं इंजिन उघडून बसला की घरात कौतुक होतं, मुलगी प्लॅस्टिक घासत बसली की ते खूळ ठरतं, हे आम्हाला पटत नाही. आमच्या मते रकान्यात "शिक्षण" लिहायला हरकत नाही. मात्र पहिलं किट थोड्या तुकड्यांचं, स्वस्त घ्यावं. निपर, चिमटा, कानस ही हत्यारं वर्षानुवर्षं टिकतात, ती दोन-तीन मुलींत मिळून घेतली तरी चालतात. निर्णय अर्थात गटाचा.

ज्यांच्या घरी असं विमान आधीच कपाटावर बसलं आहे, त्यांच्यासाठी एक सूचना. ओल्या फडक्याने पुसू नका. मऊ, कोरडा रंगाचा ब्रश घ्या आणि नाकाकडून शेपटीकडे हलक्या हाताने धूळ झटका. उचलताना पंखाला धरू नका, धडाला खालून आधार द्या. सगळ्यात आधी मोडतात ती चाकांची काडीसारखी पायं. आणि खिडकीच्या उन्हात ठेवू नका, रंग आणि खुणा फिक्या पडायला लागतात.