पहिलीतल्या खोड्या आणि सोळाव्या वर्षीचा गांजा

मुलाने वर्गात मारामारी केली, दुसऱ्याची वही फाडली, अशी तक्रार शाळेतून आली की घरात बहुधा दोनच गोष्टी घडतात. वडील हात उगारतात किंवा आजी म्हणते, "मुलगाच आहे, मोठा झाला की सुधारेल." दोन्हींमुळे मूळ प्रश्न तसाच राहतो.

अमेरिकेत शिकागोच्या वुडलॉन वस्तीत १९६६-६७ मध्ये पहिलीत असलेल्या बाराशेहून अधिक मुलांचा डॉ. शेपर्ड केलॅम आणि सहकाऱ्यांनी पुढे अनेक वर्षे मागोवा घेतला. पहिलीत आक्रमक असलेल्या मुलग्यांमध्ये सोळा-सतराव्या वर्षी गांजा ओढण्याचे प्रमाण जास्त आढळले. मुलींमध्ये असा संबंध दिसला नाही.

याचा अर्थ प्रत्येक दांडगट मूल व्यसनी होते, असा मुळीच नाही. मात्र भांडखोर मुलाला सोबती टाळतात, शिक्षक कंटाळतात, अभ्यास मागे पडतो. मग त्याला जवळ करते ती त्याच्यासारखीच दुरावलेली मुले. सिगारेट आणि गांजाची पहिली ओळख अनेकदा याच टोळक्यात होते.

स्वभावाला औषध आहे

१९८५ मध्ये बाल्टिमोरच्या शाळांत एक साधा खेळ सुरू झाला. शिक्षिका वर्गाचे गट पाडत, नियम सांगत आणि ते पाळणाऱ्या गटाला शाबासकी किंवा छोटे बक्षीस देत. ही मुले एकोणीस-एकवीस वर्षांची झाल्यावर, लहानपणी अतिशय आक्रमक असलेल्या मुलग्यांतही व्यसनाचे प्रमाण कमी दिसले.

घरीही हे जमण्यासारखे आहे. नियम मोजकेच, पण रोज तेच असावेत. आईने नाही म्हटलेले वडिलांनी हो म्हणू नये. चांगले वागल्यावर लगेच कौतुक करावे. मारामुळे मूल खोटे बोलायला तेवढे शिकते. सहा महिने उलटूनही फरक पडला नाही, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना भेटण्यात कमीपणा नाही.

गांजा सापडलाच तर?

२०१८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात १० ते ७५ वयोगटातील सुमारे २.८ टक्के लोकांनी वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतला होता. तेव्हा असा प्रसंग आपल्याच घरी आला, असे समजू नये. किशोरवयात मेंदूची वाढ सुरूच असते, म्हणून गांजाचा धोकाही अधिक. मुलाला घराबाहेर काढू नका. आधी शांतपणे ऐकून घ्या. सरकारच्या १४४४६ या मोफत क्रमांकावर सल्ला मिळतो.

तक्रार घेऊन येणारे शिक्षक शत्रू नव्हेत. पहिलीत ऐकलेली त्यांची तक्रार दहावीतला मोठा मनस्ताप वाचवू शकते.