पीपी शुगरची परीक्षा आणि माझी कॉपी

ऑफिसचं हेल्थ चेकअप म्हटलं की आपण सगळेच अचानक शहाणे होतो की नाही? आदल्या रात्रीचा पिझ्झा कॅन्सल, लिफ्टऐवजी जिना, डेस्कवरची बिस्किटं शेजारणीच्या ड्रॉवरमध्ये! मीही तेच केलं. सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं. टेक्निशियन म्हणाली, ‘‘जेवून दोन तासांनी परत या, पीपी करायचीय.’’ पीपी म्हणजे जेवणानंतरची शुगर. मग काय, मी अर्धी पोळी, काकडी आणि ग्लासभर ताक एवढ्यावर भागवलं.

रिपोर्ट आला. फास्टिंग ९७, पीपी ११२. फर्स्ट क्लास! वय ३१, वजन बेताचं, जीन्सचा साइज कॉलेजपासून तोच. मला कसली शुगर?

आणि मग रविवार उजाडला.

श्रीखंड-पुरीचा निकाल

आईने श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी आणि मसालेभात केला होता. बाबांना बारा वर्षांपासून डायबेटिस आहे. जेवायला बसल्यापासून बरोबर दोन तासांनी ते ग्लुकोमीटर घेऊन बसले. त्यांचा आकडा १५८. मी गंमत म्हणून बोट पुढे केलं. बाबांनी नवी सुई लावली, टोचली. १८३!

‘‘मशीन बिघडलंय,’’ मी म्हटलं.

‘‘हात धुतलेस का? बोटाला श्रीखंड असेल,’’ बाबा म्हणाले. खरंच, बोटाला गोड लागलेलं असलं तर आकडा खोटाच वाढतो. साबणाने हात धुतले, पुसले, पुन्हा टोचलं. १६६. यावेळी बाबा काहीच बोलले नाहीत. त्यांच्या त्या गप्प बसण्यानेच मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले.

आकडे काय सांगतात?

डॉक्टरांनी आधी माझी कॉपी पकडली. ‘‘अर्धी पोळी खाऊन केलेली पीपी म्हणजे पार्किंगमध्ये घेतलेली गाडीची टेस्ट ड्राइव्ह. रोज जे जेवता, तेच जेवून यायचं,’’ ते हसत म्हणाले. मग त्यांनी कागदावर गणित मांडलं. ते तुम्हीही लक्षात ठेवा.

दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून, शेवटच्या घासापासून किंवा बडीशेपेपासून नाही. जेवल्यावर साधारण तासाभरात शुगर सगळ्यांचीच चढते, अगदी ठणठणीत माणसाचीही. प्रश्न चढण्याचा नाही, उतरण्याचा आहे. दोन तासांनी ती १४० मिलिग्रॅमच्या खाली आलेली असावी.

पण घरच्या मीटरवरच्या एका आकड्यावरून निदान होत नाही. मीटर थोडं इकडेतिकडे दाखवतंच, आणि प्रत्येकाचं ताटही वेगळं. म्हणून शंका आली की ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट. आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवायचं, रात्रभर उपास, सकाळी रक्त द्यायचं, मग ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी प्यायचं आणि दोन तासांनी पुन्हा रक्त. १४०च्या आत नॉर्मल, १४० ते १९९ प्री-डायबेटिस, २०० किंवा जास्त असेल तर डायबेटिस. तोही बहुतेक वेळा दुसऱ्या तपासणीने पक्का करतात.

माझा निकाल? फास्टिंग ९८, दोन तासांनी १५६. म्हणजे उपाशीपोटीची शुगर अगदी सभ्य आणि जेवल्यावरची नापास. नुसती फास्टिंग बघून मी अजून काही वर्षं खुशीत राहिले असते.

पण मी तर बारीक आहे!

हेच मी डॉक्टरांना म्हटलं. त्यांनी एक भारी किस्सा सांगितला. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! आपण भारतीय बरेचदा वरून सडपातळ आणि आतून चरबीदार असतो. जेवणातून आलेली साखर उचलण्याचं मोठं काम स्नायू करतात. स्नायू कमी, पोटात चरबी जास्त आणि दिवसभर खुर्ची, मग इन्शुलिनचं ऐकणार कोण?

आता मी काय करते

चांगली बातमी अशी की ही गाडी वळवता येते. भारतातल्याच एका अभ्यासात (२००६) माझ्यासारख्या लोकांनी आहार आणि चालणं सुधारलं, तेव्हा त्यांच्यात डायबेटिसचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी झालं. म्हणून मी भात सोडला नाही, फक्त त्याचा नंबर शेवटी लावला. आधी कोशिंबीर, भाजी, उसळ आणि मग पोळी-भात. लंचबरोबरचं कोल्ड्रिंक बंद. जेवल्यावर सरळ डेस्ककडे न जाता कॅम्पसला पंधरा मिनिटं चक्कर. सुरुवातीला एकटीच असायचे, आता आमची पाच जणांची टोळी आहे. ऑफिसचं निम्मं गॉसिप तिथेच कळतं!

सहा महिन्यांनी तीच टेस्ट पुन्हा केली. १३४. बाबांना फोन केला तर म्हणाले, ‘‘बरं झालं. पण चालणं सोडू नकोस.’’ हल्ली रविवारी जेवल्यावर आम्ही दोघं कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो.

पुढच्या महिन्यात ऑफिसचं चेकअप आहे. त्या दिवशी कॅन्टीनची नेहमीची थाळी खाऊनच पीपीला जाणार आहे. घरात कुणाला डायबेटिस असेल, तर तुम्हीही तसंच करा. या परीक्षेत कॉपी केली तर फसतो आपणच!