कोंबड्यांची झुंज

मुलांनो, पहाटे गावात सर्वांत आधी कोण जागे होते? पिंपळगाव राजासारख्या गावात हा प्रश्न विचारला, तर उत्तर लगेच येईल : कोंबडा. तुम्ही घरी त्याला मुर्गा म्हणता. अंगणात, उकिरड्यावर, भिंतीच्या कडेने तो दाणे टिपत फिरतो. चांगला दाणा सापडला, की हळू आवाज काढून कोंबड्यांना बोलावतो. आकाशात घार दिसली, की त्याचा आवाज बदलतो आणि सगळा कळप आडोशाला पळतो.

दोन कोंबडे भांडताना तुम्ही पाहिलेच असतील. मानेची पिसे फुलवून ते एकमेकांकडे रोखून पाहतात. मग उडी मारून पाय झाडतात, चोच मारतात. पण पुढे काय होते, तेही आठवून पाहा. थोड्याच वेळात एक कोंबडा पाठ फिरवतो आणि पळ काढतो. दुसरा चार पावले त्याच्यामागे धावतो, पंख फडफडवतो, आरवतो आणि पुन्हा दाणे टिपू लागतो. भांडण तेथेच संपते.

असे का होते? नॉर्वे देशात शेल्डरप-एबे नावाचे एक शास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांना लहानपणापासून कोंबड्यांचा नाद होता. कोणती कोंबडी कोणाला टोचते आणि कोण मुकाट्याने बाजूला होते, हे ते पाहत व वहीत लिहून ठेवत. पुढे १९२२ साली त्यांनी आपला अभ्यास प्रसिद्ध केला. कळपात प्रत्येक पक्ष्याची पायरी ठरलेली असते, असे त्यांनी दाखवले. वरच्या पायरीचा पक्षी आधी दाणे खातो, खालचा थांबतो. एकदा पायरी ठरली, की रोज लढण्याची गरज उरत नाही. म्हणजे कोंबडे भांडतात ते जीव घेण्यासाठी नव्हे, मोठा कोण हे ठरवण्यासाठी. हरणाऱ्याला पळून जाण्याची वाट मोकळी असते.

माणसाने नेमकी हीच वाट बंद केली.

पैसे लावून कोंबडे झुंजवण्याच्या प्रकाराला आपल्या विदर्भात ‘कोंबडबाजार’ म्हणतात. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ या जिल्ह्यांतील कोंबडबाजारांवर पोलिसांनी छापे घातल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत वरचेवर येतात. नावात बाजार असला, तरी तेथे होतो तो जुगार. कधी जंगलाच्या कडेला, कधी शेतात, तर कधी वस्तीतल्याच एखाद्या मोकळ्या जागेत लोक गोल करून उभे राहतात. मध्ये दोन कोंबडे सोडतात. कोंबडा मागे सरला, तर त्याला उचलून पुन्हा पुढे करतात.

झुंजीसाठी ‘असील’ जातीचा कोंबडा पसंत करतात. हा शब्द तुम्हांला ओळखीचा असेल. असील म्हणजे शुद्ध, खानदानी. मराठीतला ‘अस्सल’ हा शब्दही त्याच अरबी कुळातला. ‘मुर्गबाजी’तली ‘बाजी’ मात्र फारसीतून आली. तिचा अर्थ खेळ. शब्द मोठे सुंदर आहेत. खेळ तसा नाही.

कोंबड्याच्या पायाला मागच्या बाजूला एक टोकदार काटा असतो. उर्दूत त्याला खार म्हणतात. हे त्याचे निसर्गाने दिलेले शस्त्र. त्याने जखम होते, पण सहसा जीव जात नाही. कोंबडबाजारात या पायाला लोखंडाचे छोटे, धारदार पाते दोऱ्याने घट्ट बांधतात. त्याला ‘काती’ म्हणतात. कोंबडा नेहमीप्रमाणे उडी मारून पाय झाडतो. आपल्या पायाला काय बांधले आहे, हे त्याला कळत नाही. समोरच्याचे पोट किंवा मान एका फटक्यात चिरली जाते. जिंकणाराही पुष्कळदा रक्तबंबाळ झालेला असतो. अशा वेळी लोक म्हणतात, “लढणे हा त्याचा स्वभावच आहे.” लढणे हा स्वभाव असेल, काती कोणाच्या स्वभावात आहे?

हा शौक फार जुना आहे, असेही सांगितले जाते. ते खरे आहे. अठराव्या शतकात लखनौचे नवाब आसफउद्दौला यांच्या दरबारी कोंबड्यांची झुंज रंगत असे. योहान झोफनी या चित्रकाराने अशाच एका झुंजीचे चित्र काढले आहे. त्यात नवाबांबरोबर इंग्रज अधिकारीही दिसतात. अब्दुल हलीम शरर यांनी ‘गुजिश्ता लखनऊ’ या पुस्तकात मुर्गबाजी व बटेरबाजीचे वर्णन केले आहे. तुमच्यापैकी कोणी ते वाचलेही असेल. पण जुने ते सगळेच टिकते असे नाही. चित्रातल्या त्या अधिकाऱ्यांच्या देशात, इंग्लंडमध्ये, १८३५ साली कायद्याने कोंबड्यांची झुंज बंद झाली.

आपल्या देशात १९६० साली प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. करमणुकीसाठी एका प्राण्याला दुसऱ्याशी लढवणे, त्यासाठी जागा चालवणे, लोकांकडून पैसे घेऊन त्यांना आत सोडणे, हे सर्व या कायद्याने गुन्हे आहेत. शिक्षा किती? पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड! १९६० साली पन्नास रुपयांना मोल होते. आज रिंगणात एकेका पैजेवर त्याच्या कितीतरी पट रक्कम लागते. हा दंड वाढायला हवा, असे अनेकांना वाटते आणि ते योग्यच आहे. महाराष्ट्रात १८८७ सालचा जुगार प्रतिबंधक कायदाही आहे. सार्वजनिक जागी पक्षी झुंजवणाऱ्याला आणि तेथे हजर राहून मदत करणाऱ्याला पोलीस त्याखाली पकडू शकतात.

येथे तुम्ही विचाराल, “मग शंकरपट कसा चालतो?” प्रश्न चांगला आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या होत्या. पुढे महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली आणि १८ मे २०२३ रोजी न्यायालयाने ती मान्य केली. म्हणून नियम पाळून शर्यती घेता येतात. ही सवलत बैलांच्या शर्यतीपुरती आहे. कोंबड्यांच्या झुंजीला महाराष्ट्रात अशी परवानगी नाही.

झुंज गल्लीत होऊ लागली, की ती कोंबड्यांपुरती राहत नाही. हरलेला माणूस घरचे पैसे गमावून बसतो. पैजेवरून भांडणे होतात. लहान मुले भिंतीवर चढून पाहतात आणि जखमी पक्ष्याला हसायला शिकतात. रोगाची भीती असते ती वेगळी. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतात प्रथमच कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला. हा रोग आजारी पक्ष्याच्या रक्तातून व लाळेतून माणसालाही होऊ शकतो. झुंजीत तर रक्ताने माखलेला कोंबडा उघड्या हातांनी उचलतात.

तुमच्या पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर नागरिकांची मूलभूत कर्तव्ये छापलेली असतात. ती काढून पाहा. प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हेही त्यांत आहे. १९७६ साली ही कर्तव्ये संविधानात आली. अशी झुंज कोठे चालू असल्याचे कळले, तर स्वतः तेथे जाऊन वाद घालू नका. पैसे लावणाऱ्यांची गर्दी तापलेली असते. घरच्या मोठ्यांना किंवा शिक्षकांना सांगा. ते पोलीस ठाण्यात कळवू शकतात किंवा ११२ हा क्रमांक फिरवू शकतात. जखमी पक्षी सापडला, तर मोठ्यांच्या मदतीने त्याला सावलीत ठेवा, कापडाने हलके झाका आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या.

छाप्यात सापडलेले कोंबडेही पोलिसांना जपावे लागतात. रोख रक्कम आणि मोटारसायकली यांच्याबरोबर जप्त केलेल्या मालाच्या यादीत त्यांचीही नोंद होते. पैशांची पाकिटे एका कपाटात ठेवता येतात. पण या कोंबड्यांना एका डालग्याखाली ठेवून चालत नाही. प्रत्येकाला वेगळे ठेवून दाणा-पाणी द्यावे लागते. पायाची काती मात्र आधी सोडवतात.