न वाचलेले दप्तर

पोलिसाच्या हाती राज्यसंस्था शस्त्र देते आणि ते चालविण्याचा अधिकारही देते. म्हणूनच पोलीसभरतीत उमेदवाराच्या पूर्वीच्या नोकरीची चौकशी हा निव्वळ कारकुनी उपचार ठरू शकत नाही. तो तसा ठरला म्हणजे काय घडते, हे अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात दिसून आले.

२२ नोव्हेंबर २०१४ रोजी तेथील एका उद्यानात खेळण्यातले पिस्तूल जवळ असलेल्या तामिर राईस या १२ वर्षांच्या मुलावर पोलिसाने गोळी झाडली. दुसऱ्या दिवशी मुलगा मरण पावला. हा पोलीस पूर्वी जवळच्याच इंडिपेंडन्स गावच्या दलात होता. तो या कामास योग्य नाही, असा वरिष्ठांचा लेखी अभिप्राय तेथील दप्तरात होता. राजीनामा देऊन तो बाहेर पडला. क्लीव्हलँडने त्याला नेमले. ते दप्तर मात्र पाहिले नाही. २०१७ मध्ये तो बडतर्फ झाला, तोही गोळीबाराबद्दल नव्हे, तर नोकरीच्या अर्जात खोटी माहिती दिल्याबद्दल!

अर्थशास्त्राच्या दृष्टीने यात नवल नाही. स्वतःचे दोष उमेदवाराला ठाऊक असतात, नेमणाऱ्याला नसतात. नकोसा माणूस राजीनामा देऊन गेला की जुना मालक सुटकेचा निःश्वास टाकतो. आपण होऊन बोलण्यात त्याचा काहीच लाभ नसतो. तेव्हा विचारण्याची, नव्हे, दप्तर उघडून वाचण्याची जबाबदारी नेमणाऱ्याचीच उरते. क्लीव्हलँडने हे थोडेसे श्रम वाचविले. २०१६ मध्ये राईस कुटुंबाला ६० लाख डॉलर देण्याचे शहराला मान्य करावे लागले. मुलाच्या जिवाचा हिशेब मात्र कोणत्याच वहीत मांडता येत नाही.