सायकलवरचे ओझे: पाठीवर, हँडलवर की कॅरिअरवर?

सायकलने कामावर जाणाऱ्यांचे रोजचे सामान बहुतेकदा चार ते आठ किलोंच्या घरात असते. लॅपटॉप, डबा, पाण्याची बाटली, बदलायचा शर्ट आणि पावसाळ्यात रेनकोट. एवढे वजन वाहायला ऊर्जा फार लागत नाही. पाच किलोंचे ओझे १० मीटर उंच उड्डाणपुलावर चढवायला सुमारे ५०० जूल पुरतात, म्हणजे १०० वॉट शक्तीने पायडल मारणाऱ्याचे पाच सेकंदांचे काम. तरीही हेच पाच किलो चुकीच्या जागी असले की प्रवास नकोसा होतो, कधी धोक्याचाही. म्हणून सामानाचे वजन घटवण्याआधी त्याची जागा ठरवणे अधिक मोलाचे.

बहुतेकांची पहिली निवड पाठीवरची सॅक असते आणि तिची अडचण उष्णतेची आहे. स्नायूंना मिळालेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा पायडलपर्यंत पोहोचतो. १०० वॉट शक्ती लावणाऱ्याच्या शरीरात त्याच वेळी सुमारे ३०० वॉट उष्णता तयार होते. एक ग्रॅम घाम वाळताना अंदाजे २.४ किलोजूल उष्णता घेऊन जातो. या हिशेबाने शरीर केवळ घामावर थंड ठेवायचे तर तासाला जवळपास ४५० ग्रॅम घाम वाळावा लागतो, आणि वाळण्यासाठी त्वचेला वारा लागतो. सॅक नेमकी पाठीची रुंद जागा झाकून टाकते. तिथला घाम वाळत नाही, शर्टात मुरतो. मे महिन्यात किंवा मुंबईच्या दमट हवेत तर याला उपायच नाही. सॅकच्या मागे जाळी असल्याने थोडा फरक पडतो, पण थोडाच. शिवाय पुढे वाकून बसणाऱ्याच्या खांद्यांवर आणि कमरेवर सगळे वजन येते. अंतर दोन-तीन किलोमीटर असेल तर सॅक चालून जाते. त्यापुढे सामान अंगावरून उतरवून सायकलवर ठेवावे.

हँडलला पिशवी अडकवण्याची सवय घरोघर आहे आणि ती सोडलीच पाहिजे. सायकल तोल सांभाळते ती हँडलच्या बारीक, सतत चालणाऱ्या हालचालींनी. लोंबती पिशवी झोके घेते आणि या हालचालींत आपली भर घालते. याहून गंभीर म्हणजे पिशवी, तिचा बंद किंवा छत्रीचे टोक पुढच्या चाकाच्या आऱ्यांत गेले तर चाक जागच्या जागी अडकते आणि चालवणारा हँडलवरून पुढे फेकला जातो. पुढे सामान ठेवायचेच असेल तर घट्ट बसवलेली बास्केट हवी आणि तिच्यात हलक्या वस्तूच ठेवाव्यात. लंडनच्या ब्रॉम्प्टन या घडीच्या सायकलीत पुढची बॅग हँडलला न लावता थेट फ्रेमला बसते. हँडल वळले तरी बॅग वळत नाही, त्यामुळे तिथे जड सामानही त्रास देत नाही.

उरते मागचे कॅरिअर. त्याच्या माथ्यावर बांधलेल्या सामानाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण ८५ सेंटीमीटरवर येतो, तर बाजूला लटकवलेल्या बॅगेचा ५० सेंटीमीटरच्या आसपास. सायकल तेवढीच कलली तरी वरचे ओझे तिला दीडपटीहून अधिक जोराने खाली ओढते. सिग्नलला थांबताना, गर्दीतून सायकल हाताने नेताना हा फरक चांगलाच कळतो. कॅरिअरच्या दोन्ही अंगांना किटल्या अडकवणारे दूधवाले हेच तत्त्व वर्षानुवर्षे वापरत आले आहेत. बाजूच्या बॅगांना दुकानात पॅनिअर म्हणतात.

एकाच बाजूला बॅग लावली तर सायकल ओढेल, अशी भीती अनेकांना वाटते. गणित वेगळे सांगते. सायकल, स्वार आणि चार किलोंची बॅग मिळून ९० किलो धरले आणि बॅग मध्यरेषेपासून १५ सेंटीमीटर दूर असली, तर एकूण गुरुत्वमध्य एक सेंटीमीटरही सरकत नाही. अर्ध्या अंशाहून कमी कल देऊन तोल साधतो आणि तो शरीर आपोआप देते. आपल्याकडे वाहने उजवीकडून पुढे जातात आणि चेनही उजवीकडेच असते, म्हणून एकटी बॅग डावीकडे लावावी. अडचण येते ती उभी करताना, कारण एकपायी स्टँडही डावीकडेच असतो. जड बॅग असेल तर दोन पायांचा स्टँड बसवून घेणे चांगले.

बॅग फार पुढे आली तर पायडल मारताना टाच तिला आपटते. ती मागे सरकवली की दुसरा त्रास सुरू होतो. दहा किलोंचे ओझे मागच्या ॲक्सलच्या १० सेंटीमीटर मागे गेले आणि दोन चाकांतले अंतर एक मीटर असले, तर पुढच्या चाकावरचा भार एक किलोने घटतो आणि हँडल हलके, बावरल्यासारखे वाटू लागते. जुन्या लांब बांध्याच्या सायकलींत टाचेला भरपूर जागा असते. आखूड बांध्याच्या रेसिंग सायकलींत नसते. त्यामुळे बॅग घेण्याआधी ती कॅरिअरला लावून पायडल उलटे फिरवून पाहावे.

कॅरिअरवर सोसणाऱ्या वजनाचा आकडा असतो. २५ किलो लिहिलेले कॅरिअर रोजच्या कामाला पुरून उरते. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश असल्याने त्याचे कॅरिअर हलके असते, पण खड्ड्यांचे लहान लहान धक्केही त्या धातूत थकवा साठवत जातात. पोलाद ठरावीक मर्यादेखालच्या धक्क्यांनी थकत नाही, आणि तुटलेच तर कोपऱ्यावरचा वेल्डर जोडून देतो. किनाऱ्यालगतच्या गावांत मात्र त्याच्या गंजाकडे लक्ष ठेवावे लागते. फ्रेमवर ॲक्सलजवळ आटे पाडलेली छिद्रे असतील तर कॅरिअर तिथेच कसावे, म्हणजे वजन सरळ ॲक्सलकडे उतरते. फक्त सीटच्या दांड्याला पकडणारी कॅरिअरे हलक्या सामानापुरतीच. वायसर आणि नायलॉनच्या कड्याचा नट वापरावा, तो थरथरीने सैल होत नाही.

बॅगेत पहिल्यांदा पाहायचे ते हूक. वरचे हूक कॅरिअरच्या नळीवर घट्ट बसावेत आणि खाली एक आकडा असावा, नाहीतर खड्ड्यात बॅग उडते. पावसाचा प्रश्न मात्र शिवणीत असतो. कापडाला लेप असला तरी सुईच्या प्रत्येक छिद्रातून पाणी झिरपते. शिवणीऐवजी उष्णतेने जोडलेल्या आणि तोंड तीन-चार वेळा गुंडाळून बंद होणाऱ्या बॅगा जुलैच्या सरीतही आतून कोरड्या राहतात. वरून घालायचे कव्हर खालून उघडे असते आणि मागचे चाक पाणी खालूनच उडवते, म्हणून कव्हर वापरायचे तर मडगार्ड हवेच. अशा जलरोधक बॅगेत ओला रेनकोट कोंबू नये, कारण ती ओल बाहेर जाऊ देत नाही. लॅपटॉप चाकाच्या बाजूला उभा ठेवावा, तळाशी जाड फोम घालून. बॅगेमागे लाल दिवा झाकला जात असेल तर तो कॅरिअरच्या टोकाला हलवावा.

पैसे मोजकेच असतील तर आधी चांगले कॅरिअर घ्यावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले सामान साध्या बॅगेतही पावसाळा काढते. भर रस्त्यात तुटून चाकात गेलेल्या कॅरिअरला पर्याय नसतो.