एका मंडळीची ७७ मुले

अनाथ मुलाला घर द्यावे, असे मनात येणारी माणसे आपल्या ओळखीत पुष्कळ असतील. परंतु बहुतेकांचा विचार उंबरठ्यापाशीच अडतो. खर्च झेपेल काय? मूल रुळेल काय? अडचणीत धावून कोण येईल? या शेवटच्या प्रश्नाला एका खेड्यातील चर्चने दिलेले उत्तर आपण जाणून घ्यावे असे आहे.

अमेरिकेत टेक्सास राज्याच्या पूर्व भागात पॉसम ट्रॉट नावाची लहानशी वस्ती आहे. तेथील बेनेट चॅपल या बाप्टिस्ट चर्चचे पाळक डब्ल्यू. सी. मार्टिन आणि त्यांच्या पत्नी डॉना. १९९६ साली डॉनाबाईंची आई वारली. अठरा मुलांची ती माउली! शोकाने खचलेल्या डॉनाबाईंच्या मनात एके दिवशी आले, की आपल्याला आईची माया भरभरून लाभली. जी मुले तिला पारखी झाली, त्यांचे काय? घरी स्वतःची दोन मुले असल्यामुळे पाळकसाहेब प्रथम कचरले. तथापि डॉनाबाई व त्यांच्या भगिनी यांनी भावी पालकांसाठी असलेले प्रशिक्षण घेतले आणि दोघींच्या घरी मुले आली.

मंडळीतील इतरांनी हे पाहिले आणि एकामागून एक कुटुंब पुढे आले. इच्छुक इतके झाले, की प्रशिक्षणाचे वर्ग वस्तीतच भरू लागले. अखेर २२ कुटुंबांनी ७७ मुले आपली मानली. ही कुटुंबे सधन नव्हती. मुलेही सारी तान्ही नव्हती. मारहाण आणि उपेक्षा सोसलेली, सहसा कोणी न स्वीकारणारी अशी ती मुले होती. ही हकीकत २०२४ साली चित्रपटरूपानेही लोकांसमोर आली.

वाचकहो, अशा मुलाच्या मनात माया एका दिवसात रुजत नाही. उपासमार सोसलेले मूल भरल्या घरातही खाऊ लपवून ठेवते. वारंवार टाकले गेलेले मूल नवे आईबापही टाकतील काय, हे हट्टाने पारखून पाहते. अशा वेळी शेजारच्या घरीही तसेच मूल असणे आणि रविवारी प्रार्थनेला सारे एकत्र भेटणे, हा केवढा आधार! या मंडळीचे खरे मोठेपण ७७ या आकड्यापेक्षा या सोबतीत आहे.

आपल्या देशात १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याचा लाभ ख्रिस्ती, मुसलमान व पारशी कुटुंबांना नव्हता. १८९० च्या कायद्याने त्यांना केवळ पालकत्व मिळे. बालन्याय कायद्यातील २००६ च्या दुरुस्तीनंतर धर्माची ही आडकाठी दूर झाली. २०१५ च्या कायद्यात दत्तकाबरोबर काही काळापुरत्या कौटुंबिक संगोपनाचीही तरतूद आहे. मात्र मूल परस्पर देणे-घेणे गुन्हा आहे, मग मध्यस्थ कितीही सद्‌हेतूचा असो. केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे नोंदणी करणे, हाच सरळ मार्ग.

म्हणून चर्चने काय, देवळाने काय किंवा आपल्या आळीने काय, मूल मिळवून देण्याच्या भरीस न पडता मूल आणणाऱ्या घराच्या पाठीशी उभे राहावे. पेढे वाटले जातात त्या दिवशी सारेच येतात. सहा महिन्यांनी, मूल रात्रभर रडत असताना आणि आईबाप थकलेले असताना, ज्या शेजाऱ्याला हक्काने हाक मारता येईल, तो शेजारी आपण व्हावे.