बॉम्बे जिमखाना

मुंबईतील आझाद मैदानाच्या दक्षिण टोकास बॉम्बे जिमखान्याची बैठी, उतरत्या छपराची इमारत आहे. तिच्यापुढे हिरवेगार पटांगण पसरले आहे. पलीकडच्या मोकळ्या मैदानात एकाच वेळी अनेक सामने रंगतात आणि एका संघाचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या संघाच्या यष्टींजवळ उभा राहिलेला दिसतो. या दोन जागांमधील अंतर थोडेच आहे. पण एके काळी ते अंतर ओलांडणे फार कठीण होते.

'जिमखाना' हा शब्द मोठा मजेशीर आहे. आपल्याकडील 'गेंदखाना', म्हणजे चेंडू खेळण्याची जागा, या शब्दात इंग्रजांनी व्यायामाचा वाचक असा आपला शब्द मिसळला आणि हे जोडनाव तयार झाले, असे मानतात. व्यापार, सैन्य आणि राज्यकारभार यांच्या निमित्ताने मुंबईस आलेल्या इंग्रजांना मायदेशीचे खेळ येथेही हवे होते. त्यांनी 1875 साली बॉम्बे जिमखान्याची स्थापना केली. क्रिकेट, रग्बी, टेनिस असे नाना खेळ एका छत्राखाली आले. सभासद मात्र केवळ युरोपीयच होऊ शकत. भारतीय माणूस तेथे जाई तो नोकर म्हणून.

तथापि खेळ काही कुंपणाच्या आत राहिला नाही. जिमखाना स्थापन होण्याच्या कितीतरी आधी पारशी मुलांनी गोऱ्या शिपायांचे क्रिकेट पाहून तो खेळ उचलला होता. बॅट नव्हती, म्हणून जुनी छत्री हाती घ्यावी. यष्टी नव्हत्या, म्हणून उंच टोपी जमिनीवर ठेवावी! 1848 साली पारशांनी आपला पहिला क्रिकेट क्लब काढला. पुढे हिंदू आणि मुसलमान तरुणही खेळू लागले.

या सर्वांना जागा होती ती एकच, सार्वजनिक मैदान. त्याच मैदानावर साहेब लोक आठवड्यातून दोनदा घोड्यांवर बसून पोलो खेळत. टापांनी गवत उखडून जाई, जमिनीस खळगे पडत आणि अशा जमिनीवर टप्पा पडलेला चेंडू कोठे उसळेल याचा नेम नसे. जिमखान्याचे स्वतःचे क्रिकेटचे पटांगण मात्र सुरक्षित होते. 1881 साली 460 भारतीय खेळाडूंनी सह्या करून सरकारकडे अर्ज केला. काही काळ पोलो अन्यत्र गेला, पण तो लवकरच परत आला. या लढ्याची हकीकत शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थांनी 1897 साली पुस्तकरूपाने लिहून ठेवली. पुढे समुद्रकाठच्या भरावाच्या जमिनीवर पारशी, हिंदू व मुसलमान यांचे वेगवेगळे जिमखाने उभे राहिले. जागेचा प्रश्न सुटला. पण खेळाडू धर्माधर्मांनी वाटले गेले, हेही खरे.

याच सुमारास पुण्यात इंग्रजांच्या क्लबात पालवणकर बाळू नावाचा तरुण दरमहा चार रुपयांवर काम करी. जाळी बांधावी, पट्टी सारखी करावी आणि साहेबांना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करावी, हे त्याचे काम. बॅट मात्र त्याच्या हाती कोणी कधी दिली नाही. बाळू चर्मकार समाजातील होते. पुढे पुण्यातील हिंदू संघाने त्यांना खेळावयास घेतले. पण चहाच्या वेळी इतर खेळाडू आत बसत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. त्यांच्या चेंडूने घेतलेले बळी चालत, हाताचा स्पर्श चालत नसे. साहेबांचे कुंपण तर डोळ्यांना दिसत होते; हे दुसरे कुंपण आपल्याच माणसांनी घातलेले होते.

1906 साली बॉम्बे जिमखान्याच्या पटांगणावर हिंदू आणि युरोपीय संघांचा सामना झाला. हिंदूंनी 242 व 160 धावा केल्या. युरोपीयांचे डाव 191 व 102 धावांत आटोपले. हिंदूंनी 109 धावांनी सामना जिंकला आणि त्या विजयात बाळूंच्या डावखुऱ्या, मंदगती गोलंदाजीचा वाटा मोठा होता. 1911 साली इंग्लंडच्या दौऱ्यावरही त्यांनी शंभराहून अधिक बळी मिळविले. इतके असून हिंदू संघाच्या कर्णधारपदी त्यांची नेमणूक कधी झाली नाही. तो मान 1923 साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाला आणि त्या वर्षी संघ विजयी झाला.

15 डिसेंबर 1933 रोजी याच पटांगणावर भारतभूमीवरील पहिला कसोटी सामना सुरू झाला. कर्नल सी. के. नायडू भारताचे कर्णधार होते, डग्लस जार्डिन इंग्लंडचे. भारत 219 धावांत बाद झाला आणि इंग्लंडने 438 धावा उभारल्या. दुसऱ्या डावात लाला अमरनाथ या नवख्या तरुणाने 118 धावा झोडपल्या. भारताच्या संघाकडून कसोटीत झालेले ते पहिले शतक! शामियान्यांतील प्रेक्षकांचा आनंद गगनात मावेना. इंग्लंडने नऊ गडी राखून सामना जिंकला खरा, परंतु लोकांच्या स्मरणात राहिले ते अमरनाथांचे शतक.

या पटांगणावर त्यानंतर कसोटी सामना झाला नाही. 1937 साली ब्रेबर्न स्टेडियम तयार झाले आणि मोठे सामने तिकडे गेले. धर्मावर आधारलेल्या संघांची स्पर्धाही 1946 मध्ये संपुष्टात आली. स्वातंत्र्यानंतर जिमखान्याचे सभासदत्व भारतीयांना खुले झाले. पावसाळ्यात त्या पटांगणावर रग्बीचे सामने होतात, तेव्हा चिखलाने माखलेल्या खेळाडूंत कोण कोणत्या जातीचा, हे ओळखू येत नाही.